स्ट्रीमर आणि डॅक यांची निवड : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

सीडी प्लेअरचे लेझर थकले आहे. तीनपैकी एक तबकडी तो वाचत नाही आणि त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. त्याच्या जागी दुसरा प्लेअर न आणता घरातले सगळे संगीत डिस्कवर ठेवून स्ट्रीमरने वाजवावे, आणि त्यासाठी एकदाच, पुढची दहा वर्षे पुरेल असे उत्तम यंत्र घ्यावे, असे ठरवले आहे. सगळ्या तबकड्या गेल्या वर्षभरात फ्लॅक स्वरूपात, म्हणजे आवाजातले काहीही न गमावता लहान केलेल्या फाइलींत, उतरवून झाल्या आहेत, त्यामुळे ते काम शिल्लक नाही.

निवड दोन कामांसाठी करायची आहे. डिस्कवरून किंवा इंटरनेटवरून फाइल आणून तिच्यातले आकडे क्रमाने, न अडखळता पुढे देणे हे पहिले काम. ते स्ट्रीमर करतो. त्या आकड्यांपासून विजेचा सलग संकेत घडवणे हे दुसरे काम. ते डॅक करतो. दोन्ही कामे एका पेटीत करणारी यंत्रे मिळतात आणि वेगवेगळ्या पेट्यांतही मिळतात, आणि पहिला प्रश्न हाच आहे. सध्या माझा कल एका पेटीकडे आहे, कारण तारा कमी लागतात, एकच रिमोट पुरतो आणि समोर मोठा देखणा पडदा असतो. हा कल येथे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे शेवटी तो टिकला की नाही ते पाहता येईल. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत तेच राहणार आहेत.

११ जानेवारी २०२५

आज गरजेचे आकडे कागदावर मांडले. माझा बहुतेक संग्रह सीडीच्या दर्जाचा, म्हणजे १६ बिट (प्रत्येक आकड्याची बारकाई) आणि ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा (दर चॅनेलला सेकंदाला ४४,१०० आकडे) आहे. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून हे माप बदललेले नाही. दोन चॅनेलचे मिळून सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट होतात. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या फाइललाही सेकंदाला ९.२ मेगाबिटच लागतात, आणि फ्लॅकने आवळल्यावर ते आणखी कमी होतात, म्हणजे घरच्या नेटवर्कला हे ओझे मुळीच नाही. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातले अंतर साधारण ९६ डेसिबल राहते, आणि आजचे चांगले डॅक १२० डेसिबलच्या आसपास पोचतात. म्हणजे ध्वनिमुद्रणात जे आहे त्याहून डॅकची झेप आधीच मोठी आहे. म्हणून माहितीपत्रकावर ज्याचा सॅम्पल रेट सर्वांत मोठा ते यंत्र श्रेष्ठ, हा निकष मी पहिल्याच दिवशी बाद केला.

एखाद्या खास स्वरूपासाठी यंत्र निवडायचे नाही, हेही ठरवले. एमक्यूए हे एका कंपनीच्या मालकीचे ध्वनिस्वरूप २०१४ च्या अखेरीस जाहीर झाले आणि पुढची काही वर्षे ते स्वरूप न उलगडणारे यंत्र अपुरे मानले जात होते. २०२३ मध्ये ती कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली, २०२४ मध्ये टायडल या संगीत पुरवणाऱ्या सेवेने आपला संग्रह फ्लॅकवर आणला, आणि ज्यांनी यंत्रावरच्या एमक्यूएच्या चिन्हासाठी जादा पैसे मोजले त्यांच्याकडे आता निरुपयोगी चिन्ह उरले आहे. फ्लॅक मात्र २००१ पासून खुले आहे आणि ते वाजवता न येणारे यंत्र आज शोधूनही सापडणार नाही.

१९ जानेवारी २०२५

घरी पारखून पाहण्यासाठी तीन यंत्रे आणली आहेत. नोंदीत त्यांना अ, ब आणि क म्हणेन, कारण मला येथे निर्मात्यांची नव्हे, यंत्रांच्या जातींची तुलना करायची आहे.

‘अ’ हे एका पेटीतले यंत्र आहे: स्ट्रीमर, डॅक आणि पडदा एकत्र. ‘ब’ हा नुसता डॅक असून त्यात रोधकांची (रेझिस्टरांची) शिडी, म्हणजे आर-२आर पद्धत, वापरली आहे. प्रत्येक बिटासाठी रोधकांची एक पायरी असते आणि वरच्या पायऱ्यांचे रोधक इतके अचूक जुळवावे लागतात की खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. त्यात ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे दोन आकड्यांमधले जादा बिंदू हिशेबाने काढणे, बंद करण्याचीही सोय आहे. ‘क’ हाही नुसताच डॅक आहे, पण डेल्टा-सिग्मा पद्धतीचा. तो मोजक्या बिटांचा प्रवाह फार वेगाने चालवतो आणि त्यातून होणारा गोंगाट ऐकण्याच्या कक्षेबाहेर, वरच्या पट्ट्यात ढकलतो. ‘क’चा घाट स्टुडिओतल्या उपकरणाचा आहे. दिसायला तो साधा काळा डबा आहे आणि त्याच्या मेनूत अनेक सोयी आहेत.

कोणती चिप आत आहे यावर लोक तावातावाने बोलतात. ऑक्टोबर २०२० मध्ये डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या जपानमधल्या नोबेओका येथील कारखान्याला आग लागली, चिपचा पुरवठा आटला आणि अनेक निर्मात्यांना आपली यंत्रे दुसऱ्या चिपभोवती नव्याने आखावी लागली. नव्या आवृत्त्यांचा स्वभाव मूळ यंत्रांच्या फार जवळ राहिला, तो भोवतालच्या मंडलामुळे: वीजपुरवठा, क्लॉक (आकड्यांचा ताल राखणारे घड्याळ), चिपनंतरचा अ‍ॅनालॉग टप्पा. तेव्हा चिपच्या नावावरून यंत्र पारखण्यात अर्थ नाही.

२ फेब्रुवारी २०२५

दोन आठवडे फक्त स्ट्रीमरचे काम तपासले. ही नोंद लांबणार आहे, कारण रोज हात लावायचा आहे तो याच भागाला, आणि घेताना लोक याच भागाकडे सर्वांत कमी पाहतात.

पहिली चाचणी खंडाची. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आलाप संपता संपता बंदिश उचलली जाते, आणि तबकडीवर तिथे नुसती खूण असते, शांतता नसते. स्ट्रीमरने दोन फाइलींमध्ये पाव सेकंदाचीही खाच पाडली तर तानपुऱ्याचा नाद कात्रीने कापल्यासारखा तुटतो. ‘अ’ स्वतःच्या ॲपमधून वाजवताना ही खाच पाडत नाही, पण त्याच यंत्राला फोनवरच्या दुसऱ्या ॲपने यूपीएनपी या घरच्या नेटवर्कवरच्या सामायिक पद्धतीने हाकले की खाच पडते. तुलनेसाठी मी एक लहान, पडदा नसलेला स्ट्रीमरही आणला आहे. तो खुल्या सर्व्हरवर, म्हणजे संगीत पुरवणाऱ्या आणि कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतो. त्याने दोन्ही मार्गांनी सलग वाजवले.

दुसरी चाचणी फोन बाजूला केल्यावरची. एक लांब अल्बम सुरू करून फोन विमान-मोडवर टाकला. काही ॲपमध्ये वाजवण्याची यादी फोनमध्येच राहते आणि फोन झोपला की पुढचा ट्रॅक येतच नाही. लिन या कंपनीने मांडलेल्या ओपनहोम पद्धतीत यादी खुद्द यंत्रात राहते, म्हणून फोन बंद केला तरी संगीत चालू राहते. दोन्ही यंत्रे या चाचणीत उतरली.

तिसरी चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. राउटरची बाहेरची तार काढून घेतली आणि घरच्या डिस्कवरची फाइल लावायला गेले. लहान स्ट्रीमर काही झालेच नाही असा वाजत राहिला. ‘अ’चे ॲप मात्र ओळख पटवण्यासाठी बाहेरचा सर्व्हर शोधत बसले आणि उघडलेच नाही, माझ्या खोलीत, माझ्या डिस्कवर असलेले माझेच संगीत मला लावता येईना. एवढ्या किमतीच्या यंत्राकडून ही वागणूक मला अक्षम्य वाटते. निर्मात्याने उद्या तो सर्व्हर बंद केला तर त्या देखण्या पेटीचे काय करायचे, याचे उत्तर पुस्तिकेत नाही.

चौथी चाचणी नावांची. फ्लॅकमधल्या माहितीच्या रकान्यांना कोणतेही नाव देता येते आणि मजकूर यूनिकोडमध्ये असतो, म्हणून मी राग, ताल आणि साथीदार असे रकाने स्वतः भरले आहेत. ‘अ’ फक्त अल्बम, कलाकार, संगीतकार आणि प्रकार एवढेच ओळखतो. त्याच्या पडद्यावर जोडाक्षरे फुटतात आणि ‘मुलतानी’ची वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. लहान स्ट्रीमरच्या खुल्या सर्व्हरवर हे जास्तीचे रकाने वाचणारी जोड बसवली आणि ‘राग : मारवा’ असे शोधताच तेरा ध्वनिमुद्रणे समोर आली. त्यांतली दोन माझ्याकडे आहेत हेच मी विसरून गेले होते.

८ फेब्रुवारी २०२५

संगणकाला यूएसबीने ‘ब’ जोडला तेव्हा स्पीकरमधून बारीक घुंघुं येऊ लागली आणि माउस हलवला की तिच्यात चरचर मिसळू लागली. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगचा फेरा पूर्ण होत होता आणि यूएसबीची तार त्या फेऱ्यातला एक दुवा बनली होती. ऑप्टिकल तारेतून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. ती लावताच घुंघुं पूर्ण थांबली. इथरनेटच्या सॉकेटमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे साध्या तारेने तिथे असा फेरा होत नाही. धातूचे आवरण दोन्ही टोकांना जोडलेली तार वापरली तर मात्र होऊ शकतो. म्हणून साधीच तार घेतली. नेटवर्कवर चुकलेले पाकीट पुन्हा मागवले जाते आणि आकडे आधी बफरमध्ये साठतात, तेव्हा महागड्या इथरनेट तारेने आवाज सुधारेल ही आशा मी बाळगत नाही.

१५ फेब्रुवारी २०२५

पहिले निवांत ऐकणे. तानपुऱ्याचे एक लांब ध्वनिमुद्रण, एक तबला एकल आणि झांजांचा भरणा असलेले एक भजन असे तीन तुकडे ठरवले. तीनही यंत्रे आळीपाळीने लावली आणि पहिल्या तासाभरात ‘ब’ मनात भरला. तबल्याची चाट अधिक ठसठशीत, बायाचा घुमारा अधिक गोल, गाणारा दोन पावले पुढे आल्यासारखा. वहीत मी ‘ब’पुढे दोन चांदण्या काढल्या आणि निर्णय झाला असे धरून चालले.

संध्याकाळी सहज मल्टीमीटर काढला. साध्या मल्टीमीटरची एसी मोजणी काहीशे हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते, म्हणून ३०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज घेतले. ‘क’वर २.१४ व्होल्ट आले आणि ‘ब’वर २.३१. म्हणजे ‘ब’ ०.६६ डेसिबलने मोठा वाजत होता. एवढा फरक मोठेपणा म्हणून जाणवत नाही. तो भरदारपणा, स्पष्टता, जवळीक म्हणून जाणवतो. माझ्या वहीतले तिन्ही शब्द नेमके तेच होते. चांदण्या खोडल्या.

हा सापळा आणखी एका ठिकाणी दडलेला असतो. सामान्यतः डॅकच्या आरसीए (साध्या) जोडणीवर २ व्होल्ट आणि एक्सएलआर (तीन पिनांच्या, संतुलित) जोडणीवर ४ व्होल्ट मिळतात, म्हणजे नेमका ६ डेसिबलचा फरक. एक्सएलआर लावताच आवाज उघडला असे सांगणाऱ्याने आधी आवाज ६ डेसिबल खाली आणून पुन्हा ऐकायला हवे.

२३ फेब्रुवारी २०२५

आज न पाहता ऐकण्याची चाचणी घेतली. माझा भाचा दिवसभरासाठी आला होता आणि बटणांचे सगळे काम त्याने केले. लहान स्ट्रीमरच्या ऑप्टिकल आणि कोॲक्सियल या दोन्ही वाटांनी (पहिली प्रकाशाची, दुसरी विजेच्या तारेची) एकाच वेळी संकेत निघतो, त्यामुळे दोन डॅक एकाच फाइलवर चालू ठेवता आले. ३०० हर्ट्झच्या सुरावर दोघांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे एक टक्क्याच्या आत, जुळवली.

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर तो थांबला आणि म्हणाला, “मावशी, तुला बटणाचा आवाज येतोय. यंत्र बदललं की टक् होतं, नाही बदललं की होत नाही.” त्याचे बरोबर होते. मग त्याने दर वेळी बटण रिकाम्या जोडणीवर नेऊन परत आणण्याची पद्धत ठेवली, म्हणजे यंत्र बदलो वा न बदलो, दोनदा टक् होणारच. नाणे उडवून तो क्रम ठरवत होता आणि मला दिसणार नाही असा वहीत लिहीत होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

‘ब’ आणि ‘क’, दोघेही ओव्हरसॅम्पलिंगसह: सोळा फेऱ्यांत माझी नऊ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही साधारण इतकीच येतात. सोळापैकी बारा बरोबर आली असती तर निव्वळ योगायोगाने तसे होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून बारा ही रेषा मी आधीच आखून ठेवली होती. ‘अ’ आणि ‘क’: दहा बरोबर. तेही रेषेच्या खालीच.

मग ‘ब’चे ओव्हरसॅम्पलिंग बंद केले आणि झांजांचे भजन लावले. या वेळी तेरा बरोबर आली, आणि योगायोगाने तेरा किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का आहे. म्हणजे हा फरक मला खरोखर ऐकू येतो. त्याचे कारणही हिशेबाने सापडते. ओव्हरसॅम्पलिंगशिवाय प्रत्येक आकडा पुढचा येईपर्यंत पायरीसारखा धरून ठेवला जातो, आणि त्या पायऱ्यांमुळे वरचे सूर उतरतात: ४४.१ च्या सॅम्पल रेटवर १० किलोहर्ट्झला सुमारे ०.७५ डेसिबल, १४ ला दीड, आणि २० ला ३ डेसिबलहून थोडे अधिक. चाचणी सूर लावून पाहिले तर माझे कान १४ किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात. झांजेची कडा जराशी बोथट होते, तेच मला ‘मऊ’ वाटत होते. ही मृदुता कोणाला आवडली तर त्यात गैर काही नाही. परंतु ती फक्त वरच्या पट्टीच्या उतारातून येत असेल तर तोच उतार सॉफ्टवेअरच्या टोन फिल्टरनेही देता येतो, आणि नको तेव्हा काढताही येतो. त्यासाठी रोधकांची शिडी विकत घेण्याचे मला कारण दिसत नाही.

दुपारी जेवताना भाच्याने विचारले, “मग सगळे सारखेच वाजतात का गं?” नीट घडवलेले, पातळी जुळवलेले आणि आपल्या मर्यादेत चालणारे डॅक माझ्या कानांना सारखे वाजतात, एवढेच मी आजच्या पानावरून सांगू शकते. मर्यादेबाहेर गेल्यावर काय होते ते पुढच्या आठवड्यात पाहायचे आहे.

२ मार्च २०२५

मर्यादेची पहिली जागा अगदी वरची. ध्वनिमुद्रण पक्के करताना आवाज इतका वर नेतात की आकडे कमाल मर्यादेला टेकलेले असतात. पण मूळ लहर दोन आकड्यांच्या मधून जाताना त्या आकड्यांहून उंच जाऊ शकते. ओव्हरसॅम्पलिंगचा फिल्टर मधले बिंदू काढतो तेव्हा ती उंची समोर येते, आणि डॅकने वर जागा राखलेली नसेल तर लहरीचा माथा छाटला जातो. पाहणे सोपे होते: ११.०२५ किलोहर्ट्झचा असा सूर बनवला की प्रत्येक आकडा शिखराच्या अलीकडे-पलीकडे, ४५ अंशांवर पडावा, आणि मग ते आकडे कमाल मर्यादेपर्यंत वाढवले. अशा फाइलमध्ये खरी लहर आकड्यांहून ३ डेसिबल उंच असते.

हा सूर आधी पूर्ण पातळीवर आणि मग स्ट्रीमरमध्येच ४ डेसिबल खाली आणून रेकॉर्डिंग इंटरफेसने टिपला. ‘क’चा सूर बरोबर ४ डेसिबल उतरला. ‘अ’चा मात्र २.३ च उतरला, याचा अर्थ पूर्ण पातळीवर त्याचा माथा छाटला जात होता. जुन्या, मोकळ्या ध्वनिमुद्रणांत हे घडणार नाही, पण अलीकडच्या चढ्या आवाजाच्या मुद्रणांत ते वरचेवर घडत असणार. उपाय फुकटचा आहे: स्ट्रीमरची पातळी कायम ४ डेसिबल खाली ठेवायची. १६ बिटची फाइल २४ बिटच्या वाटेने जात असेल तर त्यात काहीही हरवत नाही.

९ मार्च २०२५

दुसरी मर्यादा अगदी खालची. माझे स्पीकर कमी विजेत जास्त वाजणारे आहेत: २.८३ व्होल्टला एक मीटरवर ९४ डेसिबल. अ‍ॅम्प्लिफायर व्होल्टेज सुमारे २२ पट वाढवतो. गाणे थांबवून ट्वीटरला, म्हणजे स्पीकरमधल्या वरचे सूर वाजवणाऱ्या लहान भागाला, कान लावला तर ‘अ’ची सळसळ स्पष्ट ऐकू येते आणि रात्रीच्या शांततेत हातभर अंतरावरूनही जाणवते, ‘क’ची कान टेकवूनही येत नाही. हिशेबही जुळतो. ४ व्होल्टच्या यंत्राचा गोंगाट १०५ डेसिबल खाली असेल तर तो साडेबावीस मायक्रोव्होल्ट भरतो, अ‍ॅम्प्लिफायरनंतर अर्धा मिलिव्होल्ट होतो आणि एक मीटरवर १९ डेसिबल ऐकू येतो. तोच गोंगाट ११८ डेसिबल खाली असेल तर ६ डेसिबलच उरतात, आणि ते खोलीच्या स्वतःच्या आवाजात बुडून जातात.

आवाज कमी-जास्त करण्याचे काम डॅकच करणार असल्यामुळे याचे महत्त्व वाढते. डिजिटल पद्धतीने आवाज उतरवला की संकेत खाली येतो, गोंगाट आहे तिथेच राहतो. ‘क’मध्ये बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजची कमाल पातळी टप्प्याटप्प्याने खाली आणता येते आणि ती सोय अ‍ॅनालॉग भागात आहे, त्यामुळे आवाजाबरोबर गोंगाटही उतरतो. ती दोन टप्पे खाली आणल्यावर रोजचे ऐकणे उणे २५ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान बसले. आधी ते उणे ४५ च्या आसपास अडकले होते.

१६ मार्च २०२५

पुरुषी पट्टीतल्या, काळी एकच्या तानपुऱ्यात खर्जाची तार तिन्ही यंत्रांवर फुगलेली ऐकू येत होती. सुरुवातीला मी तिला ‘अ’चा भारदस्तपणा समजले होते. आज मायक्रोफोन लावून खोली मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत लांबी ४.९५ मीटर आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या लांबीत पहिली उभी लहर ३४.६ हर्ट्झला आणि दुसरी ६९.३ ला बसते. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा, आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे बरोबर ६९.३. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असल्याने मी त्या लहरीच्या ऐन फुगवट्यात बसत होते. मापनात तिथे ८ डेसिबलचा उंचवटा दिसला.

खुर्ची भिंतीपासून पाऊण मीटर पुढे आणली आणि सर्व्हरमध्ये ६९ हर्ट्झवर उरलेल्या उंचवट्यापुरता अरुंद फिल्टर बसवला. तार छेडल्यावर आधी नुसता गुबारा येत होता, आता त्याच्या आत जवारीची किणकिण उकलत जाते: आधी खर्ज, मग त्याच्यावरचा पंचम, मग गंधार, आणि शेवटी नाद विरताना वरचे स्वर एकेक करून मावळतात. भाच्याला काहीच न सांगता फिल्टर लावला आणि काढला, तो पहिल्याच खेपेला म्हणाला, “आता तानपुरा जुळला.” तानपुरा आधीपासूनच जुळलेला होता.

तीन डॅकमधला सगळा फरक एकत्र केला तरी या एका फिल्टरच्या आणि पाऊण मीटरच्या पासंगाला पुरणार नाही. जानेवारीत ठरवलेल्या रकमेचा काही भाग आता खोलीकडे वळवायचा आहे: मागच्या भिंतीवर जाड शोषक आणि चांगला मापन मायक्रोफोन.

२२ मार्च २०२५

निर्णय: डॅक ‘क’ आणि वेगळा लहान स्ट्रीमर. ‘अ’ आणि ‘ब’ परत पाठवले.

‘अ’ परत करताना वाईट वाटले, कारण हाताला लागणारी त्याची घडण खरोखर उत्तम होती. पण स्ट्रीमर हा मुळात संगणक आहे आणि संगणकासारखाच वृद्ध होतो. लॉजिटेकने २००६ मध्ये स्क्वीझबॉक्स या जुन्या स्ट्रीमरची कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये ती यंत्रे बंद केली. ती आजही वाजतात ती केवळ त्यांचा सर्व्हर खुला असल्यामुळे आणि त्याचा सांभाळ करणारी माणसे टिकून राहिल्यामुळे. डॅकला नवे ॲप लागत नाही. त्याची ऑप्टिकल, कोॲक्सियल आणि यूएसबी जोडणी आणखी पंधरा वर्षांनीही तेच काम करेल. जे लवकर बदलावे लागणार ते स्वस्त आणि सुटे असावे, जे टिकणार त्यावर खर्च करावा, हा हिशेब एका पेटीत बसत नाही. माझा ४ जानेवारीचा कल टिकला नाही.

‘क’ची निवड मी कानांच्या पसंतीने केलेली नाही, कारण कानांनी ‘क’ आणि ‘ब’ यांना वेगळे ओळखलेच नाही. त्याचा गोंगाट कमी आहे, वर जागा राखलेली आहे, व्होल्टेजचे टप्पे आहेत आणि आकडे न बदलता पोचतात की नाही हे तपासणारी चाचणी त्याच्यातच आहे. ती चाचणी लहान स्ट्रीमरबरोबर १६ आणि २४, दोन्ही बिटांवर उतरली. त्या वेळी पातळी आणि फिल्टर बंद ठेवले होते, नाहीतर ती उतरणारच नाही.

५ एप्रिल २०२५

सगळे आपापल्या जागी बसले. पुढच्या वेळी शोधत बसायला लागू नये म्हणून जोडणी लिहून ठेवते: स्ट्रीमर साध्या इथरनेट तारेने राउटरला, स्ट्रीमरपासून ऑप्टिकलने डॅकला, कारण माझ्याकडे ९६ किलोहर्ट्झच्या वरची फाइल जवळजवळ नाही आणि घुंघुंचा फेरा इथे कायमचा तुटतो, डॅकपासून एक्सएलआरने अ‍ॅम्प्लिफायरला. स्ट्रीमरची पातळी उणे ४. डॅकचे व्होल्टेज दोन टप्पे खाली. ६९ हर्ट्झचा फिल्टर चालू. फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) आपोआप बदलणे बंद. सर्व्हरच्या मांडणीची आणि राग-तालाच्या रकान्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर.

१९२ किलोहर्ट्झच्या तीन फाइली ऑप्टिकलवर अधूनमधून तुटतात. त्या सर्व्हरनेच ९६ वर उतरवून द्याव्यात अशी सोय केली आणि तो प्रश्न मिटला. मागच्या भिंतीचे शोषक अजून आलेले नाही. ते बसल्यावर उंचवटा पुन्हा मोजून फिल्टर तेवढाच हलका करायचा आहे.

आज संध्याकाळी मारव्याच्या त्या विसरलेल्या दोन ध्वनिमुद्रणांपैकी एक लावले. आलाप संपून बंदिश सुरू झाली तिथे ट्रॅक बदलल्याचे फक्त फोनवर दिसले.